उसव गं

ती ह्यांच्या उजवीकडे चालते.

माझं दुखणं एवढंच आहे. बाकीचं सांगेन, पण आधी एवढं ऐका. ती उजवीकडे चालते आणि तिचा हात ह्यांच्या मांडीवर असतो.

दुरुस्ती. तिचा हात तिथे असायलाच हवा. ते तिचं काम आहे. माझाही हात दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर असतोच.

तरी.

*

वाळू पसरलेलं रिंगण, भोवती लाकडी कठडा. एका टोकाला तबेला, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड, शेडमध्ये खिळ्यांवर हेल्मेट. ज्यांचं अंग त्यांचं ऐकत नाही अशी माणसं इथे आठवड्यातून एकदा घोड्यावर बसतात. घोडी चालली की वर बसलेल्याची कंबर हलते, आणि कमरेला चालणं आठवतं म्हणतात. एका घोडीबरोबर तीन माणसं लागतात. पुढे दोरी धरलेला एक, तो दोरीवाला. दोन्ही अंगांना एकेक, ते बाजूवाले. दोरीवाला पगारी आहे. बाजूवाले फुकटे. कुणाचं तरी माणूस घोड्यावर बसतं आणि कठड्याबाहेर नुसतं उभं राहवत नाही, म्हणून आलेले.

मी त्यातलीच. हे घोड्यावर बसायला लागले आणि मी दुसऱ्याच आठवड्याला बूट मागून घेतले.

ट्रेनर बाईंनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी बजावल्या.

"हात ठेवायचा, धरायचं नाही. मांडीवर पालथा हात. तोल गेला तरच पकडायचं."

"बरं."

"आणि आपलं माणूस आपण धरायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काकांच्या बाजूला तुम्ही नाही. तुम्ही दुसऱ्या घोडीला."

"का पण?"

"आपलं माणूस असलं की हात ऐकत नाही हो, काकू. दाबतो. दाबलं की माणूस आखडतं. माणूस आखडलं की घोडी आखडते. मग तिघं मिळून मला आखडवता."

सगळे हसले. मीही हसले. मग बाईंनी मला शेडमधल्या एका बाईपुढे उभं केलं. उंच, सैल जाकीट, केस वर बांधलेले.

"ह्यांची मुलगी दुसऱ्या घोडीवर असते. तुम्ही त्यांच्या मुलीला सांभाळा, त्या काकांना सांभाळतील. काका उजवीकडून लुळे, तेव्हा त्या उजवीकडे. फिटंफाट."

तेव्हापासून मी तिला मनात उजवी म्हणते. नाव विचारायची वेळ निघून गेली, आणि नाव कळलं असतं तर तिच्यावर नीट जळता आलं नसतं.

*

आमचं शिवणाचं दुकान होतं. दोन मशिनं, समोरासमोर. हे बेतायचे, कापायचे, टीप मारायचे. माझ्याकडे काज, बटण, हातशिलाई. आणि उसवणं.

शिवणारा माणूस स्वतःची टीप उसवत नाही, त्याच्या जिवावर येतं. टीप तिरकी गेली की हे मान वर करायचे नाहीत. कापड टेबलावरून माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "उसव गं." मी ब्लेडचं टोक घालून एकेक टाका सोडवायची, कापडाला भोक न पाडता, दोरे फुंकून परत सरकवायची. आमच्या संसारात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य ते असेल. लग्नानंतर त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. "अगं" होतं आणि "उसव गं" होतं. माझं त्यात भागत होतं.

मग त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली.

उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. उजवीकडचं दिसणंही गेलं. डोळे धड आहेत, पण उजवीकडे जग आहे हे डोक्याला कळत नाही. ताटातलं डावं जेवतात आणि ताट संपलं म्हणून हात धुवायला निघतात. मी ताट फिरवते. मग उरलेलं जेवतात, जरा आश्चर्याने.

आणि शब्द. शब्द गेले नाहीत. बटणांचा डबा सांडावा तसे मिसळले. हात घातला की येईल ते हाताला येतं, आणि येतं ते दुकानातलंच. चहाला अस्तर म्हणतात. गोळ्यांना बटणं, हे त्यातल्या त्यात बरं. ऊन म्हणजे इस्त्री. चल म्हणायचं असेल तर कात्री.

"अगं" मात्र कुठे मिसळलं नाही. ते सांडताना गडगडत कपाटाखाली गेलं असावं. माझ्यासाठी काहीच उरलं नाही. मी हवी असले की ते डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर टकटक करतात.

*

घरी:

हे: अस्तर.

मी: अस्तर नाही. चहा.

हे: अस्तर.

मी: च. हा. म्हणा. ओठ बघा माझे.

हे: (ओठ बघत नाहीत.)

मी: अहो, मी काय माझ्यासाठी करतेय का? बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी काय सांगितलंय? चुकीचा शब्द चालवून घ्यायचा नाही. चहा.

हे:

मी: बरं, नुसतं च म्हणा.

हे:

चहावर साय येते. हल्ली अस्तरही म्हणत नाहीत, बोट दाखवतात.

*

रिंगणात:

दोन घोड्या समोरासमोरच्या कडेने फिरतात. मी ज्या बाजूला असते त्याच्या बरोबर पलीकडे हे असतात. त्यामुळे बोलणं ऐकू येत नाही, पण तोंड दिसतं.

ह्यांचं तोंड चालू असतं. मशिनसारखं, न थांबता. मध्येच उजवी काहीतरी म्हणते आणि हे हसतात. अर्ध्या चेहऱ्याने, पण खदखदून. हेल्मेट हलतं.

"मावशी," माझ्या घोडीवरून आवाज येतो. "माझी मांडी आहे ती. कणीक नाही."

ही उजवीची मुलगी. वयात आलेली, कॉलेज संपवलेली. जन्मापासून पाय एकमेकांत अडकतात आणि बोलणं ओढत ओढत येतं, पण जे येतं ते धार लावून. घोडीवर अशी बसते की जणू खाली प्रजा उभी आहे. सगळे तिला राणीसरकार म्हणतात आणि तिला ते आवडतं.

"चुकलं हं," मी हात सैल करते.

"तुम्ही माझ्या आईकडे बघताय की काकांकडे?"

"पुढे बघ. घोडीच्या कानांच्या मधून बघायचं."

"मी पुढेच बघतेय. तुम्ही सांगा."

"एवढं काय बोलतात गं दोघं?"

"माझी आई ना? ती सगळ्यांशीच बोलते. गॅस सिलिंडरवाल्याशी पण. तो सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा असतो बिचारा." घोडी वळणावर फिरली. मग, "माझ्याशी तेवढी बोलत नाही."

"का?"

"माझ्याशी बोलते ती सगळी कामाची वाक्यं. औषध घेतलंस का. पाय ताण. मान सरळ. तुमच्या घरी पण तसंच असेल."

"छे," मी म्हटलं.

दुरुस्ती. मी घोडीच्या कानांच्या मधून पुढे बघत राहिले.

*

शेडमध्ये सगळे चहा घेतात तेव्हा मी जवळ जाऊन ऐकलं. हे खुर्चीवर, उजवी त्यांच्या समोर उकिडवी बसलेली.

"काज," हे म्हणाले. दाराकडे बोट.

"लावू का बंद? वारा येतोय?"

"इस्त्री."

"हो ना, आज इस्त्री फार कडक आहे हो. वाळू नुसती भाजून निघाली. तुमचं अस्तर झालं का पिऊन?"

"रेशीम," हे म्हणाले आणि कप तिच्या हातात दिला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोन वर्षं च म्हणा, च म्हणा करतेय आणि ही बाई खुशाल अस्तर म्हणते. शिकलेली असून. ते जे तोडून ठेवतात ते मी जोडायला बघते आणि ही मागून येऊन पुन्हा तिरकी टीप मारते.

"तुम्ही त्यांचे चुकीचे शब्द वापरू नका," मी म्हटलं. "सवय लागते."

"अय्या, हो का? सॉरी हं." तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं, त्याचाही मला राग आला. "मला वाटलं, कळतंय ना एकमेकांचं, मग काय बिघडलं."

"आणि रेशीम म्हणजे काय?"

"ते मलाच म्हणतात वाटतं," ती हसली. "की घोडीला, कोण जाणे."

घोडीला म्हातारी म्हणतात. तिची कातडी पोत्यासारखी आहे. रेशीम घोडीला नाही.

तिला रेशीम. मला टकटक.

*

आता बटण.

उजवीच्या जाकिटाच्या डाव्या बाहीचं बटण लोंबत होतं. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं, पण मी कशाला सांगू. शेडमध्ये ती कप घ्यायला हात पुढे करते तेव्हा ह्यांना दिसलं. एके दिवशी रिंगणातून परत आल्यावर हे घरी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढायला धडपडायला लागले. मी काढलं. तिचं बटण. दोरा तुटून पडलेलं. आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, मला न सांगता कोंबलेलं, तिचं जाकीट.

"हे कुणी दिलं?"

"रेशीम."

"आणि तुम्ही घेतलंत?"

संध्याकाळी त्यांनी शिवणाचा डबा मागितला. तोंडाने नाही, डाव्या हाताने. हात बरा करणाऱ्या डॉक्टरांनी मागे कधीतरी सांगितलं होतं की डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा सराव करा. मी सुया घेऊन दिल्या, मोठ्या नाकाच्या. भिंग आणलं. हे तोंड फिरवून बसायचे. मला वाटलं, लाज वाटते. कसलेल्या हाताला लाज वाटणारच.

त्या संध्याकाळी लाज कुठे गेली कुणास ठाऊक. बाही मांडीखाली दाबली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. सुई धरायला दुसरा हात नव्हता. डब्यातल्या पिनकुशनवर सुई खोचून बघितली, ती पडली. पुन्हा खोचली. पडली.

मग टकटक. टेबलावर.

मी गेले. मी सुई धरली. तिच्या बटणासाठी, मी.

दोरा आत गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की क्षणभर मला वाटलं आता येईल. कपाटाखालून गडगडत येईल, अगं. मी सुई सोडली नाही.

"रेशीम," ते म्हणाले आणि बाही दाखवली. म्हणजे, चल, लाव आता तिचं.

दोन छेदांत त्यांनी टाका घातला, उरलेलं मी पुरं केलं. गाठ मी मारली, घट्ट. एवढी घट्ट की पुन्हा कधी तुटून ह्यांच्या खिशात यायला नको.

*

आणि मग तो दिवस.

राणीसरकारला ताप आला. ट्रेनर बाईंना उजवीचा फोन आला की दोघी येत नाहीत. म्हणजे माझ्या घोडीवर कुणी नाही आणि ह्यांच्या उजवीकडे कुणी नाही. हे मात्र हेल्मेट घालून उताराच्या वर, चढायच्या फळीवर बसलेले, म्हातारीच्या पाठीकडे बघत.

"काकांना खाली आणा," ट्रेनर बाई म्हणाल्या. "आज राहू दे."

हे उठेनात. डाव्या हाताने फळी धरून बसले.

"मी आहे ना," मी म्हटलं.

"काकू, नियम."

"त्यांना उजवीकडचं दिसत नाही. तुम्हालाच ठाऊक आहे. मी तोंड उघडणार नाही. कळणारच नाही त्यांना."

बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, दोरीवाल्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. डावीकडे रिटायर्ड पोस्टमन उभा होता, तो म्हणाला, "फिरवून आणू की एक दोन फेऱ्या. मी आहे."

"एकदाच," बाई म्हणाल्या. "आणि तोंड बंद म्हणजे बंद."

मी शेडमध्ये बूट घालायला गेले. खिळ्यावर तिचं जाकीट होतं; बटण लावून परत दिलेलं, मागच्या आठवड्याला ती विसरून गेलेली. मी ते घातलं. थंडी होती.

दुरुस्ती. थंडी एवढी नव्हती.

बाह्या मला दोन बोटं लांब. खांदा उतरलेला. आत बामचा वास. डाव्या मनगटाशी बटण, माझी गाठ.

त्यांना घोडीवर बसवलं. मी उजवीकडून गेले, जिथे त्यांच्यासाठी काही नसतं, आणि मांडीवर पालथा हात ठेवला. ठेवला, धरला नाही. मांडी गरम होती. घरी मी त्यांची मांडी पुसते, चोळते, उचलून पलंगावर ठेवते. पण नुसता हात ठेवलेला नव्हता किती दिवसांत.

"रेशीम?" हे म्हणाले. पुढे बघतच.

"हं," मी ओठ मिटून म्हटलं.

"कात्री."

दोरीवाला चालला, म्हातारी चालली. ह्यांची कंबर हलायला लागली, माझ्या हाताखाली. आणि ते बोलायला लागले.

काय बोलतील असं मला वाटत होतं? मी रात्री पडल्या पडल्या सगळं बेतून ठेवलं होतं, कापून, खडूने खुणा करून. तिचे डोळे, तिचा आवाज, मी किती छळते, ती किती गोड. आल्यावर काय भांडायचं तेही तयार होतं.

ते म्हणाले, आज इस्त्री नाही. म्हणाले, दोरा लोंबतोय, आणि वर ढग होता. म्हणाले, मांजर, हा शब्द त्यांना नीट आला, मांजर मीटरवर, मांजर मीटरवर शिवते, आणि मला कळलं की शेजारच्यांची मांजर आमच्या पायरीवर येऊन झोपते ते सांगताहेत. म्हणाले, दुकान. दुकान काज. बंद. मग पुन्हा मांजर.

मला सगळं कळत होतं. एकही शब्द असा नव्हता की जो कळला नाही.

प्रेमाचं काही निघालं असतं तर भांडता आलं असतं. हे तर नुसतं बोलणं होतं. दोन मशिनांच्या मध्ये दिवसभर चालायचं ते. इस्त्री कडक, दोरा लोंबतोय, कुणाची मांजर. ते माझं होतं. ते त्यांनी आठवड्याच्या आठवड्याला तिला दिलं होतं, मला कठड्यापलीकडे ठेवून.

"हं," मी म्हटलं. तिचं जाकीट घालून, तिच्या वाटणीचं.

वळणावर ते आवाज बारीक करून म्हणाले, "घरी टाचणी."

मी वर बघितलं. बघायचं नसतं.

"टाचणी," हे म्हणाले. "टोचते." आणि ते अर्ध्या चेहऱ्याने हसले.

तर होता. माझ्यासाठी शब्द होता. तो तिला ठाऊक होता आणि मला नव्हता.

दोरीवाल्याने घोडी थांबवली. कोपऱ्यात दर वेळी थांबवतात. बसलेल्या माणसाने चल म्हणायचं आणि मग निघायचं, हा व्यायामच आहे. ट्रेनर बाईंनी लांबून विचारलं, रिकिबीचा पट्टा आखूड वाटतोय का, म्हणून दोरीवाला त्यांच्याकडे वळला. दोरी सैल.

"कात्री," हे म्हणाले.

दोरीवाल्याचं लक्ष नव्हतं.

"कात्री," हे पुन्हा म्हणाले.

आणि माझ्या तोंडून गेलं. दोन वर्षांची सवय, वर टाचणी. "कात्री नाही! चल! चल म्हणा, चल!"

म्हातारीने आयुष्यभर दुसरं काही ऐकलेलं नाही. कुणाच्या घरात कोण कुणाला काय शिकवतंय ह्याच्याशी तिला काय करायचंय. तिच्या कानाशी कुणीतरी तीनदा चल म्हणालं. ती चालली. चालली नाही, उसळली.

हे मागे गेले, मग उजवीकडे. माझ्यावर.

त्यांचं सगळं अंग माझ्या खांद्यावर आलं. हेल्मेट माझ्या कपाळावर आपटलं. पोस्टमनने पलीकडून पट्टा धरला, दोरीवाला "थांब, थांब, थांब" करत दोरी ओढायला लागला, मी दोन्ही हातांनी मांडी धरली. धरली म्हणजे बोटं रुतवली. पडू देणार नव्हते. पडले असते तर माझ्यामुळे पडले असते, आणि ते तिला कळलं असतं. त्या वेळीसुद्धा हे डोक्यात होतं, खोटं कशाला सांगू.

म्हातारी थांबली. आम्ही तसेच. ते कलंडलेले, मी खाली टेकू. पाय आखडून लाकूड झाला होता माझ्या हातात. घोडीची कातडी थरथरत होती. ट्रेनर बाई वाळूतून पळत येत होत्या, "हात सैल करा, काकू, हात सैल" ओरडत, आणि माझा हात ऐकत नव्हता.

माझ्या कानाशी ह्यांचं तोंड होतं.

"उसव," ते म्हणाले.

मग, कापड सरकवल्यासारखं, मान वर न करता:

"उसव गं."

*

बोटं कशी उघडली ते मला सांगता येणार नाही. एकेक उघडली. कापडाला भोक न पाडता.

पाय सैल झाला. घोडीने नाकातून श्वास सोडला. पोस्टमनने आणि मी त्यांना सरळ केलं, आणि मग ह्यांनी एक गोष्ट केली जी कुणी सांगूनही ते करत नसत. मान उजवीकडे वळवली. पूर्ण. जिथे काही नसतं तिथे. आधी बाही दिसली त्यांना, मग बटण, मग मी.

"टाचणी," ते म्हणाले. ओरडून नाही. ओळख पटल्यासारखं.

ट्रेनर बाईंनी मला शेडमध्ये नेऊन जे काय सुनावलं ते रास्त होतं. मी मान खाली घालून ऐकलं आणि मनात गं, गं, गं चाललं होतं.

*

घरी मी एकदा म्हणून बघितलं. "अस्तर घेता का थोडं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांची नक्कल करतेय. कप सरकवून दिला. माझ्या तोंडी ते बसेना, दुसऱ्याच्या मापाचं होतं. तेव्हापासून मी काहीच म्हणत नाही. चहा म्हणा असंही नाही. ते अस्तर म्हणतात, मी चहा आणते. पलंगावर टकटक अजून आहेच. मधूनच टाचणी. रुसून बघितलं, पण शेवटी सुई-दोऱ्याच्या दुकानात टाचणी दिवसभर ओठांत धरलेली असते, असं स्वतःला समजावलं.

दुरुस्ती. समजावलं, पण टोचतं.

आणि "उसव गं" पुन्हा आलेलं नाही. मी त्यांचा पाय चोळताना कधी मुद्दाम जास्त दाबते. बघते.

*

पुढच्या आठवड्याला राणीसरकार बरी होऊन आली. मी तिच्या डावीकडे, उजवी ह्यांच्या उजवीकडे. सगळं होतं तिथे. पलीकडे ह्यांचं तोंड चालू, तिचं हसू चालू, हेल्मेट हलतंय. मला वाटलं होतं आता दुखणार नाही. दुखत होतं.

"कणीक," राणीसरकार म्हणाली.

मी हात सैल केला.

शेडमध्ये उजवी माझ्याजवळ आली. जाकीट अंगात. तिला सगळं कळलं होतं, असल्या जागी काही लपत नाही.

"घाबरलात ना हो? मी असते तर—" मग तिचं तिलाच कळलं. "म्हणजे, कुणाचंही झालं असतं."

"हो."

"ते बोलतात ना माझ्याशी, ते मी सांगत जाऊ का तुम्हाला? म्हणजे तुम्हाला वाटत असेल..."

"मला कळतं त्यांचं सगळं," मी म्हटलं.

"हो, तुम्हाला कळणारच." ती कप विसळायला वाकली. तिच्या बाहीचं बटण नळाच्या कडेवर वाजलं. घट्ट होतं.

"एक विचारू?" मी म्हटलं.

"विचारा ना."

"तुम्हाला ते कधी 'उसव' म्हणाले?"

तिने खरंच आठवून बघितलं. कप हातात, डोळे वर, ओठ हलवत. एवढा वेळ लावला की वाहता नळ मीच बंद केला.

"नाही बाई," ती म्हणाली. "उसव? नाही. ते कशाला म्हणतात?"

पलीकडे हे खुर्चीवर बसून टकटक करत होते. कुणासाठी, ते कळायला मार्ग नव्हता; टकटक दोघींनाही ऐकू येत होती आणि दोघीही अर्धवट वळलो होतो.

"कुणास ठाऊक," मी म्हटलं, आणि तिच्या आधी गेले.